चार अंड्यांचा तालुका

वेबसाइटचं दार कुठं ठेवायचं, यावर दानीएल भिंगारदिवे सरांच्या ओट्यावर तीन संध्याकाळ चर्चा चालली. तिन्ही दिवस चहा झाला, दोन दिवस भजीही झाली. दार काही ठरलं नाही. शेजारच्या भागवतरावांचं म्हणणं, दार पूर्वेलाच हवं. वेबसाइटला पूर्व-पश्चिम नसते, हे सरांनी त्यांना मोबाईल चारी दिशांना फिरवून दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, मग तर आणखीच जपून ठरवायला पाहिजे.

वेबसाइट टिटव्यांची होती. पुण्याच्या एका संस्थेनं राज्यभरातली टिटव्यांची घरटी दर उन्हाळ्यात मोजायचं काढलं होतं, आणि मोजणार होते तुमच्याआमच्यासारखे लोक. ज्याला घरटं दिसेल त्यानं दहा पावलांवरून अंडी मोजायची, जमला तर फोटो काढायचा आणि वेबसाइटवर नोंद टाकायची. टिटवी काही झाडावर घर बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि जामखेड तालुक्यात दुसऱ्या कशाचा तुटवडा असला तरी खड्यांचा नाही. तरीही मागच्या वर्षीच्या नकाशात कोपरगाव हिरवंगार होतं, शिर्डीच्या बाजूला ठिपक्यांची दाटी होती, आणि जामखेड पांढरं फटक. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'पांढरा रंग – पक्षी आढळला नाही.'

हे वाक्य सरांना फार लागलं. जामखेडच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि त्या तेहतीस वर्षांत एकही सकाळ अशी गेली नव्हती की टिटवी त्यांच्या डोक्यावरून ओरडत गेली नाही. इतका आरडाओरडा करणारा पक्षी ज्यांना आढळत नाही, त्यांना काय आढळणार? नियम असा होता की एकतीस मेपर्यंत तालुक्यातून शंभर नोंदी आल्या तर तालुक्याला रंग, नाहीतर पुन्हा पांढरं. सरांनी निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात उभं राहून जाहीर करून टाकलं की यंदा जामखेड हिरवं होणार. लोक हसले. जामखेड हिरवं करायचं आश्वासन त्यांनी दर पाच वर्षांनी ऐकलेलं होतं. पण सर खाली बसले ते ही गोष्ट मनाला लावूनच.

नोंदीचा फॉर्म संस्था देणार होती. त्या फॉर्मपर्यंत माणूस कुठून कसा पोचायचा, कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, ही वाट मात्र प्रत्येक तालुक्याच्या समन्वयकानं आखायची होती. जामखेडचे समन्वयक सर, कारण दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता. वेबसाइट बांधायला राजनंदिनी होती. ही सरांची जुनी विद्यार्थिनी. नगरला सावेडीत तिचं ऑफिस होतं आणि ती मंगल कार्यालयांच्या आणि क्लासेसच्या वेबसाइट करायची. तिनं फोनवर सांगितलं, "सर, आधी एकेका पानाचं नाव एकेका कार्डावर लिहा. मग ती कार्डं चार लोकांना द्या आणि सोयीची वाटतील तशी लावायला सांगा. लोक जशी लावतील तशी आपण वाट ठेवू."

कार्डं सरांच्या घरात होतीच. मुलीच्या, प्रार्थनाच्या, लग्नात ऐनवेळी हॉल बदलल्यामुळे साठ पत्रिका माळ्यावर पडून होत्या. पाठची बाजू कोरी, कागद जाड. सरांनी त्यावर सुवाच्य अक्षरात 'टिटवीची ओळख', 'नोंद करा', 'नकाशा', 'संपर्क' असं लिहिलं आणि गल्लीत घरोघरी वाटून आले. पत्नी कृपाबाई म्हणाल्या होत्या की हे करू नका. पण त्या दवाखान्यात नर्स होत्या आणि विज्ञानाच्या बाबतीत सर घरी त्यांचं ऐकत नसत.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चांगुणाबाई नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन दारात हजर. त्यांनी कार्डाची छापील बाजूच तेवढी वाचली होती. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कृपाबाईंना आत नेलं आणि प्रार्थनाचं इतक्यात दुसरं लग्न का करावं लागतंय, जावई बरा दिसत होता, असं हळूच विचारलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीत फिरून, वळण घेऊन, प्रार्थनाच्या सासरी पुण्याला पोचली. त्यानंतरचे दोन दिवस सर वेबसाइटवर काही बोलले नाहीत. ते फक्त फोनवर बोलत होते, आणि तेही बहुतेक ऐकायचंच काम.

कार्डं नीट लावली ती एकट्या भागवतरावांनी. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवर खिडकीत बसून त्यांनी माणसं इकडून तिकडं पाठवली होती. त्यांनी ओट्यावर कार्डांचे आठ फलाट केले, गर्दीची गाडी पहिल्या फलाटाला लावली आणि 'नोंद करा' सगळ्यांच्या पुढं ठेवलं. बाकीचं मग ज्याला वेळ असेल त्यानं बघावं, म्हणाले. सरांनी कौतुकानं मान हलवली, सगळी कार्डं गोळा केली आणि स्वतःच्या मनातली वाट राजनंदिनीला कळवली.

सरांच्या मनातली वाट म्हणजे नमनालाच घडाभर तेल. आधी प्रकल्पाची ओळख, मग टिटवीची ओळख, मग तिचे पाय, चोच, आहार, अधिवास. त्यानंतर पाच प्रश्नांची चाचणी. चाचणीत तीन बरोबर आले तरच 'नोंद करा' हे बटण दिसणार.

"सर," राजनंदिनी म्हणाली, "लोक परीक्षेला बसतील का?"

"तू नव्हतीस बसत?"

"मला दुसरा मार्ग नव्हता सर."

हे वाक्य सरांनी कौतुक समजून घेतलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पान सुरू झालं. पहिला प्रवासी म्हणून भागवतरावांना बसवलं. ते चष्मा लावून, पाय धुऊन बसले. ओळख वाचली, पाय वाचले, चोच वाचली. आहारापाशी त्यांना डुलकी लागली. जागे होऊन त्यांनी चाचणी दिली आणि पाचपैकी एक मिळवला. टिटवीचं शास्त्रीय नाव त्यांना आलं नाही. मोबाईलवर अक्षरं आली: 'आपण अनुत्तीर्ण आहात. कृपया पुन्हा अभ्यास करा.' ज्या माणसानं तीस वर्षं सबंध स्टँडला वेळ सांगितली, त्याला बासष्टाव्या वर्षी एका पक्ष्यापायी नापास व्हावं लागलं. भागवतराव उठले, चप्पल घातली आणि घरी गेले. आठवडाभर त्या परीक्षेला एकशे चौदा जण बसले. पास झाले दोघं, आणि त्यातल्या एकाला टिटवी म्हणजे कोणती तेच ठाऊक नव्हतं, हे त्यानं नंतर फोन करून विचारलं तेव्हा कळलं.

शेवटी सरच भागवतरावांकडे गेले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेपर परत तपासून कधी कोणाला पास केलं नव्हतं. ते दारात उभे राहून नुसतं म्हणाले की चाचणी काढून टाकतो, तुम्ही वाट सांगा. भागवतरावांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की पहिल्याच पानावर एक मोठं बटण ठेवा आणि त्यावर 'विनाथांबा' लिहा. आमच्या लोकांना हा शब्द कळतो. राजनंदिनीला तो शब्द वेबसाइटवर जरा विचित्र वाटला, पण तिनं तो ठेवला. पहिल्याच दिवशी त्या बटणावरून अकरा नोंदी आल्या.

आता सगळं सुरळीत व्हायचं, तर मध्ये जिल्हा आला. सरकारनं जिल्ह्याचं नाव बदललं होतं, पण संस्थेच्या यादीत जुनंच होतं. लोक फोन करून विचारू लागले की आमचा जिल्हा कुठं आहे. सरांनी संस्थेला रीतसर अर्ज केला की नवीन नाव घालावं. संस्थेनं तत्परतेनं नवीन नाव घातलं आणि जुनं तसंच ठेवलं, कारण त्यावर नोंदी आधीच झालेल्या होत्या. म्हणजे जामखेड दोन झाली. एका जिल्ह्यातल्या जामखेडात अडतीस टिटव्या, दुसऱ्यातल्यात एक्केचाळीस, आणि शंभर कुठंच नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरांनी पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं की दोन तालुके एकत्र करायचे तर दोन्हीकडच्या समन्वयकांची परस्पर संमती लागेल. दोन्हीकडचे समन्वयक सरच. त्यांनी एक पत्र लिहून स्वतःची संमती मागितली, दुसऱ्या पत्रानं ती दिली आणि तिसऱ्या पत्रात स्वतःचे आभार मानले. साक्षीदार म्हणून भागवतरावांनी तिन्हींवर सही केली. आठ दिवसांनी जामखेड एक झालं: एकूण नोंदी एकोणऐंशी. मेच्या वीस तारखेला सर मेळाव्यात हसलेल्या लोकांची यादी मनात करत बसले होते, तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

फोन संस्थेच्या सुकन्या मॅडमचा होता. त्या पक्ष्यांच्या अभ्यासक, आवाज मऊ. त्यामुळे वाईट बातमी कळायला वेळ लागला. म्हणाल्या, जामखेडच्या एकोणऐंशी घरट्यांपैकी अठ्ठ्याहत्तर घरट्यांत चार-चार अंडी आहेत. उरलेल्या एका ठिकाणी पाच.

"टिटवी चार घालतेच की मॅडम," सर म्हणाले.

"घालते. पण कुठं तीन असतात, कुठं नुकती सुरुवात असते म्हणून दोन असतात. एखादं मुंगूस खाऊन जातं. सबंध तालुक्यात एकही अंडं कमी नाही, असं होत नाही सर. आणि फोटोंत अंडी दिसतच नाहीयेत."

फोटोंबद्दल त्यांचं खरं होतं. बहुतेक फोटोंत शेताचे मालक स्पष्ट दिसत होते आणि टिटवी अंदाजानं धरायची होती. मॅडम म्हणाल्या, या नोंदी बाजूला ठेवाव्या लागतील. नव्यानं, तपासून आल्या तरच धरू. सरांनी फोन ठेवला आणि ते ओट्यावर येऊन बसले. पांढरं राहिलो असतो तर निदान अडाणी ठरलो असतो, आता खोटे ठरलो, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. कृपाबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्यावर साय येईपर्यंत त्यांनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी घरटी प्रत्यक्ष पाहायला भागवतरावांनी स्कूटर काढली आणि सरांना मागं बसवलं. खर्ड्याच्या रस्त्याला, ओढ्याकाठच्या एका वस्तीवर रंगुबाईंचं शेत होतं. त्यांच्या सुनेच्या मोबाईलवरून चार अंड्यांची नोंद आली होती. शेतात पोचल्यावर भागवतरावांनी घाम पुसायला टोपी काढली, आणि नेमकी त्याच क्षणी टिटवी आली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि तिसऱ्यांदा सरळ माथ्यावर. घरटं कुठं आहे हे त्यामुळे शोधावं लागलं नाही. भागवतराव जिकडं पळाले त्याच्या बरोबर उलट दिशेला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, खड्यांमध्ये ते होतं. सरांनी दहा पावलांवर थांबून चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. अंडी दोन होती.

रंगुबाई साठीच्या, डोक्यावर पदर, हातात विळा. त्यांनी पाहुण्यांना बाभळीच्या सावलीत बसवून ताक दिलं.

"मावशी, अंडी दोनच आहेत," सर म्हणाले. "आणि लिहिलंय चार."

"दोन हायती ते मला दिसतंय की. पर लिवायचं कसं?"

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज बांधावर कोणी ऐकत असल्यासारखा खाली आणला. टिटवीनं जितकी अंडी घातली तितके महिने पाऊस, ही काय आजची गोष्ट नव्हती. आणि तीही यंदा ओढ्यातच घातलेली, म्हणजे ओढ्याला पाणी यायचं नाही हे तिला ठाऊक. ही गोष्ट घरातल्या घरात ठीक. ती आपल्या हातानं लिहून महाराष्ट्राला दाखवायची म्हणजे काय. "उद्या पाऊस दोनच म्हैने पडला तर गाव मला इचारंल, रंगे, तूच लिवलं हुतंस न्हवं? गावाला वंगाळ म्या कशाला लिवू?"

सरांना एकदम अठ्ठ्याहत्तर गावकरी डोळ्यांपुढं दिसले. प्रत्येकानं बोट फॉर्मवर ठेवून आपल्या गावाचं भलं लिहिलं होतं. पाच लिहिणाऱ्या गावात यंदा निवडणूक होती, हेही त्यांना आठवलं.

"अंड्यांचा आणि पावसाचा काहीही संबंध नसतो मावशी," ते म्हणाले. "मी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलंय."

"मग मोजताय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर सरांकडे होतं आणि ते दीड पानाचं होतं. त्यांनी सुरुवातही केली. रंगुबाईंनी ते मान देऊन ऐकलं, मध्ये एकदा ताक वाढलं, आणि सर दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, तुमी पावसाचं इचारा, म्या चार सांगते. टिटवीचं इचारा, दोन सांगते. दोनी एकाच खान्यात घातल्यावर मानसानं काय करावं?"

येताना स्कूटरवर भागवतरावांच्या टाळूची आग होत होती, सरांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जामखेडच्या वेशीपाशी भागवतराव वळून म्हणाले, "सर, गाडी विनाथांबा केली हे चुकलं. एक थांबा पाहिजे. माणसं तिथं उतरतात, मनातलं बोलून मोकळी होतात, मग पुढं गप बसून जातात."

सरांना हे पटायला रात्र जावी लागली. ज्या माणसानं पाऊस कसा पडतो हे तेहतीस वर्षं बाष्पीभवनापासून शिकवलं, त्यानं आपल्या वेबसाइटवर लोकांना पावसाची इच्छा विचारायची, हा प्रसंग साधा नव्हता. पण सकाळी त्यांनी राजनंदिनीला फोन केला आणि अंड्यांच्या पानाआधी एक नवीन पान सांगितलं. त्यावर एकच प्रश्न: 'आपल्या गावात यंदा किती महिने पाऊस पडावा?' उत्तर दिलं की पुढचं पान: 'टिटवीने प्रत्यक्षात किती अंडी घातली आहेत?' शास्त्रीय दृष्टीच्या लोकांचा अपमान होऊ नये म्हणून पहिल्या पानाखाली त्यांनी एक छोटं बटण हट्टानं ठेवायला लावलं: 'इच्छा नसल्यास पुढे जा.' पाऊस पडू नये अशी इच्छा कोणाची असेल, असं राजनंदिनीनं विचारलं. सर म्हणाले, असतात काही तटस्थ लोक.

सुकन्या मॅडम जरा घाबरल्या. इच्छा ही माहिती होत नाही सर, असं त्या दोनदा म्हणाल्या. सर म्हणाले, म्हणूनच तिला वेगळी खोली दिली आहे, नाहीतर ती माहितीच्या अंथरुणात शिरते. मग त्यांनी वही घेऊन एकोणऐंशी जणांना फोन केले. कोणालाही खोटं पाडलं नाही. वाट बदलली आहे, पुन्हा एकदा जाऊन या, एवढंच सांगितलं. आणि लोक गेले. पहिल्या पानावर चार, चार, चार. दुसऱ्या पानावर तीन, दोन, चार, तीन, एक, चार. पाचवाल्या गावानं पहिल्या पानावर बारा लिहिले आणि दुसऱ्यावर प्रामाणिकपणे तीन. मॅडमचा फोन आला, या वेळी आवाज मऊ आणि बातमीही मऊ. त्या म्हणाल्या, आता या टिटव्या खऱ्या वाटतात. लोकांनी लोकांना सांगितलं, नवीन घरटीही येऊ लागली. 'पुढे जा' हे छोटं बटण मात्र सरांनी रोज तपासलं तरी एकानंही दाबलं नव्हतं.

एकतीस मे रविवार होता. सकाळी दहा वाजता आकडा नव्व्याण्णव झाला आणि तिथंच अडून बसला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. भागवतराव टोपी घालून बांधाबांधांनी फिरून हात हलवत परत आले. राजनंदिनीनं नगरहून तीनदा विचारलं. सर ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. नव्व्याण्णव म्हणजे पांढरं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. बारा वाजता कृपाबाई चर्चहून आल्या आणि पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाल्या की चर्चच्या कंपाउंडमध्ये, नवीन खडी टाकली आहे तिथं, टिटवी बसली आहे. उपासना संपल्यावर सगळे तिच्या अंगावरून जात होते आणि ती सगळ्यांवर ओरडत होती.

सर चप्पल न घालताच निघाले. ऊन मरणाचं होतं. कंपाउंड रिकामं झालं होतं. दहा पावलांवर थांबून त्यांनी चष्मा पुसला. टिटवी उठली, डोक्यावरून एक फेरी मारली, आणि खडीत अंडं दिसलं. एकच.

त्यांनी मोबाईल काढला. विनाथांबा दाबलं. गाव निवडलं. मग ते पान आलं, जे त्यांनी स्वतः इतरांसाठी बांधलं होतं: किती महिने पाऊस पडावा? खाली त्यांचं ते छोटं बटण होतं. त्यांनी अंगठा त्याच्यावर नेला. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि आज नववा दिवस होता. वर आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. रंगुबाईंचा कोरडा ओढा त्यांना आठवला, आणि वर्गातली मुलं आठवली, जी बाष्पीभवनाचं उत्तर पाठ म्हणायची आणि उसाच्या तोडीला आईबापांबरोबर निघून जायची. सरांनी मागं वळून पाहिलं. कृपाबाई फाटकाशी छत्री घेऊन उभ्या होत्या, जरा लांब. मग त्यांनी पटकन एक आकडा दाबला, पुढच्या पानावर एक लिहिलं, फोटो काढला आणि पाठवलं. फोटोत अंडं स्पष्ट आलं. पानावर अक्षरं आली: 'धन्यवाद. जामखेड तालुका, एकूण नोंदी १००.' त्याखालच्या नकाशात जामखेड हिरवं झालं.

सर तिथंच उन्हात उभे राहून त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी घामाच्या नावावर पुसले. कृपाबाईंनी जवळ येऊन त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

"किती लिहिलं?"

"एक. एकच आहे."

"ते मला दिसतंय. त्याच्या आधी किती लिहिलं?"

सरांनी मोबाईल खिशात घातला आणि फाटकाकडे चालू लागले. "ते शास्त्रात धरत नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे चार," कृपाबाई म्हणाल्या.